सोमवारचा ताप

१

वेल्डर रविवारी सकाळी गेला आणि सोमवारी दहाच्या आत कारखान्याने त्याच्या मरणाचं कारण टाइप करून फळ्यावर लावलंसुद्धा. एरवी या कारखान्यात एक जळका बल्ब बदलायचा तर अर्ज चार टेबलं हिंडून पंधरवड्याने परत येतो. पण माणूस मेला की सगळ्यांच्या हातांना कसा वेग येतो. कागदावर तीन ओळी होत्या. मयताला तपकिरीचं जुनं व्यसन होतं, त्याने फुप्फुसं कमजोर झाली होती, त्यात सोमवारचा ताप आला आणि मयताने हयगय केली. खाली फोरमनची सही. थोडक्यात, मेला तो मेला आणि वर चूकही त्याचीच.

थेंबबाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि आपल्या खोलीत जाऊन बसल्या. कारखान्याच्या मागच्या बाजूची ती एक खोली म्हणजे तपासणीची प्रयोगशाळा. एकोणतीस वर्षं बाई तिथे एकट्याच. मुलामा चढवलेला माल आला की एका नगावर कानस घासायची, आम्लाचा थेंब टाकायचा, तो टिपकागदावर घ्यायचा, त्यावर दुसऱ्या बाटलीतला थेंब टाकायचा, रंग बघायचा आणि सही करायची. त्या थेंबांमुळे खरं नाव मागे पडलं आणि बाई थेंबबाई झाल्या.

मंगळवारी सकाळी वेल्डरची बायको खोलीच्या दारात उभी राहिली. हातात एक गाठोडं. कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत, कारण वेल्डर सगळ्यांचाच दादा होता.

"बाई, फळ्यावरचं वाचलंत?"

"वाचलं. ये, बस आधी."

"बसायला नाही आले. एवढंच विचारायचंय. वीस वर्षं संसार केला मी या माणसाशी. यांनी आयुष्यात तपकीर ओढली नाही हो. चहासुद्धा बेताचा." तिचा आवाज चिरका झाला. "पण शनिवारी शेवटी शेवटी तेच मागत होते. 'तपकिरी... तपकिरी' करत होते. डबी हा शब्द काही फुटेना तोंडातून. मग मी धावत जाऊन स्टोअरकीपरच्या घरून डबी आणली. म्हणजे माझ्यापासून चोरून ओढत होते का? मला एवढंच सांगा. मी या माणसाला ओळखत होते की नव्हते?"

विषय बदलावा म्हणून बाईंनी विचारलं, "गाठोड्यात काय आहे?"

"यांचे कामाचे कपडे. धुवायचं धाडस होईना. तोंडाला बांधायचे तो रुमालही आहे. आणि मास्तरांचा दुधाचा डबा राहिलाय माझ्याकडे. तुमचे भाऊ म्हणून सांगत नाही बाई, पण सख्ख्या भावाने केलं नसतं तेवढं मास्तरांनी केलं. बुधवारी दुपारी कामाच्या जागेवर नेऊन दूध पाजलं यांना. नंतर रोज घरी. तो डबा सापडला की देते."

बाईंच्या छातीत जरा ऊब आली. मास्तर म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, मुलाम्याच्या हौदांवरचा कारागीर. त्याला इथे चिकटवला तो बाईंनीच.

"ताप कधी चढला?" त्यांनी उगाच विचारायचं म्हणून विचारलं.

"बुधवारी रात्री. आधी घसा, मग खोकला, मग छातीवर कुणी बसल्यासारखं."

बाईंचा हात टेबलावर जागच्या जागी थांबला. एकोणतीस वर्षांत त्यांनी सोमवारचा ताप शेकड्याने पाहिला होता. पण तो बुधवारी आलेला एकदाही पाहिला नव्हता.

२

सोमवारचा ताप म्हणजे काय, ते या कारखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल. लोखंडाला गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा देतात. असं लोखंड ज्योतीवर धरलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो, कापसासारखे तंतू हवेत तरंगतात आणि तोंडात गोडसर चव येते. तो धूर नाकात गेला की संध्याकाळी हुडहुडी भरते, आणि दुसऱ्या दिवशी माणूस खडखडीत. जस्त शरीराच्या ओळखीचं असतं. जखम भरायलाही ते लागतं, म्हणून जास्त झालं तर शरीर चार शिव्या देऊन बाहेर काढतं. गंमत अशी की दोन दिवसांत शरीराला त्या धुराची सवय होते आणि मग आठवडाभर ताप येत नाही. रविवारच्या सुट्टीत सवय मोडते आणि सोमवारी पुन्हा हुडहुडी. त्यावर कामगारांचं एकच औषध, पेलाभर दूध. दर सोमवारी मधल्या सुट्टीत सगळे मिशा पांढऱ्या करून बसतात. दुधाने काही होत नाही हे बाईंना ठाऊक होतं, पण नुकसानही नाही म्हणून त्या कधी बोलल्या नाहीत.

पण वेल्डर सोमवारी ठणठणीत होता. मंगळवार, बुधवार कामावर होता. मग बुधवारी ताप कसला?

बाईंनी गाठोडं सोडलं. वेल्डर रुमाल चौघडी घालून तोंडाला बांधायचा, घड्या तशाच होत्या. त्यावर तपकिरी डाग, चांगला तळहाताएवढा.

रुमाल घेऊन त्या स्टोअरमध्ये गेल्या. स्टोअरकीपर निवृत्तीच्या वयाचा, नाक कायम ओलं, डबी कायम खिशात.

"तुमच्या डबीतली आहे का ही?"

म्हाताऱ्याने डाग लांबून पाहिला. "असणारच. वेल्डरने मरताना मागितली बाई. शेवटच्या घटकेला माणूस जे मागतो तेच त्याचं खरं व्यसन. मी आपलं फोरमनसाहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी लगेच लिहून घेतलं."

"ओढताना कधी पाहिलंत?"

"पाहिलं नाही. पण मागितली म्हणजे ओढत असणार."

"तुम्ही उंटावरचे शहाणे आहात. जरा डबी उघडा."

तपकिरीचा उग्र वास आला आणि बाईंना शिंक आली. मग त्यांनी रुमाल नाकाशी नेला. त्याला कसलाच वास नव्हता. त्यांनी रुमालाची घडी उलगडली. नाकाला लागणारी आतली बाजू जवळपास कोरी होती आणि डाग होता तो सगळा बाहेरच्या बाजूला.

"स्टोअरकीपर, तपकीर ओढणाऱ्याचा रुमाल कुठून खराब होतो?"

"आतून. नाक पुसतो ना आपण."

"मग हा बाहेरून कसा झाला?"

म्हाताऱ्याने डबी मिटून खिशात टाकली. बाईंनी त्याला तसंच सोडलं आणि खोलीत येऊन दार लावलं. डागाचा बोटाएवढा तुकडा कापला, काचेवर ठेवला, पातळ आम्लात भिजवला. मग दुसऱ्या बाटलीतला थेंब टाकला. सडक्या अंड्यासारखा वास सुटला, नेहमीचाच. जस्त असतं तर फार तर पांढरट गढूळ झालं असतं.

काचेवरचं पाणी हळदीसारखं पिवळंधमक झालं.

हा रंग बाईंनी दोन वर्षांत पाहिला नव्हता. हा कॅडमियमचा रंग होता.

३

कॅडमियम जस्ताच्याच घराण्यातलं, पाठचं भावंड म्हणा ना. समुद्राच्या खाऱ्या हवेत ते जस्तापेक्षा जास्त टिकतं, म्हणून जहाजांच्या मालाला पूर्वी त्याचाच मुलामा असे. वरून पिवळा पापुद्रा चढवला की दोघांत डोळ्यांना फरक कळत नाही. शरीरालाही कळत नाही. शरीर त्याला जस्त समजून घरात घेतं आणि मग तीस-तीस वर्षं ते मूत्रपिंडात ठाण मांडून बसतं. आणि त्याचा धूर फुप्फुसात गेला, तर वाट बघायला तीस वर्षं नकोत, चार दिवस पुरतात. तो धूर आत जाताना घसा धरत नाही, डोळे चुरचुरवत नाही. माणूस निवांत काम करत राहतो. त्याची काजळी तेवढी तपकिरी असते.

'तपकिरी... तपकिरी.' वेल्डर डबी मागत नव्हता. त्याने काय पाहिलं ते सांगत होता.

बाईंनी डोळे पुसले आणि फोरमनची केबिन गाठली. फोरमन खुर्चीत मागे रेलून बसला होता.

"कॅडमियम? बाई, कॅडमियमचा हौद दोन वर्षांपूर्वी मालकांनी बंद केला. तुमच्या भावानेच फळ्या ठोकल्या त्यावर."

"मग वेल्डरने मंगळवारी-बुधवारी काय तापवलं?"

"ते जहाजाचे ब्रॅकेट. दोनशे चाळीस नग. यावेळी उलटं काम निघालं. असल्या मालाला आपण जोड आधी देतो आणि मुलामा नंतर. जहाजवाल्यांनी मुलामा झाल्यावर सांगितलं, अजून एक पाय जोडून द्या. मग मुलाम्यावरच गॅसची ज्योत लावून चांदीच्या कांडीने जोड द्यायचा. पण मुलामा जस्ताचाच आहे." त्याने खणातून एक कागद काढून टेबलावर टाकला. "ही घ्या. तुमचीच तपासणी, तुमचीच सही."

खरंच होतं. 'जस्त. तपासलं.' खाली बाईंची वळणदार सही. म्हणजे ब्रॅकेट वगळा. बाईंनी मनातल्या मनात त्यावर काट मारली आणि दुसरीकडे वळल्या.

"चांदीच्या कांड्या कुठल्या आणल्यात?"

फोरमनने मान फिरवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते बाईंना त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. चांदीची कांडी लवकर वितळावी म्हणून हलक्या मालात कॅडमियम घालतात, हे त्यांना माहीत होतं.

"नवीन दुकानातून आणल्या. तिथे लवकर मिळतात म्हणून."

"आत्ताच्या आत्ता पेटी कुलपात टाका. एक कांडी मला द्या. आणि त्या जागेवर जुन्या कांड्यांशिवाय काम होता कामा नये."

"होणार नाही. उद्यापासून वेल्डरचाच भाऊ बसतोय तिथे. पलीकडच्या शेडमधून आणलाय. घरातली रोजी घरात राहावी म्हणून मीच बोललो मालकांशी," फोरमन उपकार केल्यासारखा म्हणाला.

वेल्डरचा भाऊ पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. तो दाराशीच उभा होता. "बाई, बसू ना मी बिनघोर? वहिनी घाबरलीय."

"जुन्या कांड्या वापर, मग बस," बाई म्हणाल्या.

जाता जाता त्या मुलाम्याच्या खोलीत डोकावल्या. मास्तर जस्ताच्या हौदाशी वाकून उभा होता. चार दिवसांत चेहरा पार उतरला होता. वेल्डर आणि तो रोज एका डब्यात जेवायचे. बाई त्याच्याकडे जाता जाता कशाला तरी ठेचकाळल्या. आम्लाच्या रिकाम्या बरण्या जमिनीवर वाटेतच मांडल्या होत्या.

"अरे धाकट्या, या बरण्या पायात कशाला? बंद हौदाच्या फळ्यांवर असायच्या ना?"

"झाडलोट करायची होती, ताई. ठेवतो वर." तो मान वर न करता म्हणाला. "काही कळलं का गं?"

"कळेल. कांड्यांचा संशय आहे. उद्यापर्यंत छडा लागतो. तू जेवत जा जरा. तू किती केलंस ते वहिनीने सांगितलं मला."

मास्तर पाठ करून बरण्या उचलू लागला. बाईंना वाटलं, दुःखाने तोंड लपवतोय.

४

चांदी आणि तांबं दोन्ही त्या थेंबाने काळी पडतात, त्यामुळे कांडीतून ती आधी बाजूला काढावी लागली. त्यात मंगळवारची संध्याकाळ आणि बुधवारची सकाळ गेली. बारा वाजता बाईंनी उरलेल्या पाण्यात थेंब टाकला.

पिवळं झालं नाही. थोडं पांढरट गढूळ झालं, बस्स. कांडी निर्दोष होती. फोरमनने दुकान का बदललं ते त्याचं त्याला माहीत, पण वेल्डरला त्या कांडीने मारलं नव्हतं.

मग कशाने? कांडी नाही. तपकीर नाही. ब्रॅकेट नाहीत, कारण त्यांच्यावर त्यांची स्वतःची सही होती. बाईंनी हात धुतले आणि विचार करत पटांगणात आल्या. समोरच्या शेडमधून गॅसच्या ज्योतीचा सूं सूं आवाज येत होता. वेल्डरचा भाऊ कामाला बसला होता.

बसू दे, कांडी तर चांगलीच आहे, असं म्हणत त्या सहज आत गेल्या. त्याने त्यांना बघून काळा चष्मा कपाळावर चढवला. भावाचीच खुर्ची, भावाचीच ज्योत. शेजारी लाकडी खोक्यावर एक स्टीलचा डबा होता, झाकण काढलेला, अर्धा दुधाने भरलेला.

बाई त्या डब्याकडे बघत राहिल्या.

"आज वार कोणता रे?"

"बुधवार. का हो?"

"ताप आलाय तुला?"

"छे. आत्ता तर बसलोय. तीन नग झाले."

"मग दूध कशाला?"

"मास्तरांनी आणून दिलं. म्हणाले, आधीच पिऊन ठेव, नंतर उपयोग नाही." तो हसला. "फार जीव हो त्यांचा. दादालाही असंच जागेवर आणून द्यायचे, वहिनी सांगत होती."

बुधवारी दुपारी, जागेवर. ताप चढला रात्री. वहिनीने हे कालच सांगितलं होतं, बाईंच्या तोंडावर, आणि त्यांना भावाचं कौतुक वाटलं होतं. सोमवारचं दूध हे तापावरचं औषध. बुधवारी, ताप नसलेल्या धडधाकट माणसाला ते कोण पाजतं? त्याला ताप येणार आहे हे ज्याला आधीच माहीत आहे, तोच.

"बंद कर!" बाई ओरडल्या. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे शेडला आजवर ठाऊक नव्हतं. "बंद कर ती ज्योत! ऊठ तिथून! बाहेर हो आधी!"

"अहो पण तुम्हीच म्हणालात, बिनघोर बस—"

"मी म्हणाले, मीच म्हणाले. बाहेर हो म्हणते ना!"

त्याला दंडाला धरून त्यांनी उन्हात आणला. मग परत आत गेल्या, पदर नाकाला लावून. ब्रॅकेटच्या ढिगातला एक नग उचलला. भिंतीवर, खुर्चीच्या मागे, त्यांना आता ते दिसलं. कोळ्याच्या जाळ्यावर तपकिरी धूळ बसली होती. जस्ताचे पांढरे तंतू कुठेच नव्हते. ते डोळ्यांसमोर होतं, पण बघणारे डोळे सहीवर बसले होते.

खोलीत येऊन त्यांनी कानशीने पिवळा पापुद्रा घासला, आम्लाचा थेंब टाकला, टिपकागदावर घेतला. दुसरा थेंब पडला.

कागद हळदीसारखा पिवळा झाला. शेजारीच त्यांच्या सहीचा कागद पडला होता. 'जस्त. तपासलं.'

५

खरं सांगायचं तर तपासलं नव्हतं. आता ते आठवलं, एकदम स्वच्छ. मागच्या महिन्यात मास्तर स्वतः नमुना घेऊन आला होता. "ताई, लॉट निघायचाय, जरा सही दे." दोन वर्षांत या कारखान्यात जस्ताशिवाय दुसरं काही लागलं नव्हतं. परक्या कारागिराचा माल असता तर बाईंनी कानस घासलीच असती. भावाच्या मालावर काय थेंब टाकायचा? आपला तो बाब्या. दोन दिवस त्या स्टोअर, केबिन, कांड्या, रुमाल हुडकत फिरल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मुलाम्याच्या खोलीत मास्तर बंद हौदाच्या फळ्यांवर बसला होता. बाईंच्या हातातला पिवळा कागद बघून तो उठला नाही.

"फळ्या काढ," बाई म्हणाल्या.

"ताई—"

"काढ म्हणते. नाहीतर मी काढते."

त्याने एक फळी सरकवली. खाली दोन वर्षांपूर्वीचं पाणी तसंच होतं, कारण ते विष न्यायला कुणी तयार झालं नव्हतं. त्यात कॅडमियमच्या सळ्या लोंबकळत होत्या आणि त्यांची टोकं नुकतीच झिजलेली, चकचकीत.

"का रे?"

"जस्ताचा हौद बिघडला होता." तो बोलला तेव्हा आवाज लहानपणी मार खाल्ल्यावर यायचा तसा आला. "माल काळा निघत होता. त्याआधीचे दोन लॉट परत आले होते. फोरमन म्हणाला, तिसरा परत आला तर घरी बस. कॅडमियम गुणाचं गं ताई, पहिल्या फटक्यात चकाकतं. मला वाटलं, जहाजावर लागणार, समुद्रात जाणार, कुणाच्या नाकात जाणार आहे ते? जोड आधीच झालेले होते."

"आणि मग ते पाय जोडायला परत आले."

"मंगळवारी दुपारी बघितलं मी. ज्योतीवर. तोवर त्याने साठ नग केले होते."

"तेव्हा का नाही बोललास?"

"बोलतो म्हणून दोनदा गेलो तिथे. पण बोललो असतो तर हौद उघडा पडला असता. माझी नोकरी गेली असती आणि... तुझी सही होती त्यावर." त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "पंखा फिरवला मी त्याच्याकडे. धूर लांब जावा म्हणून. त्याने परत वळवला, म्हणाला ज्योत हलते. मग दूध दिलं. रोज दूध दिलं, ताई."

"दूध पोटात जातं रे मूर्खा! धूर फुप्फुसात जातो! आणि आज त्याच्या भावालाही तेच? दोन लेकरं आहेत त्याला!"

"मला वाटलं, यावेळी आधीच पाजलं तर—"

बाईंनी त्याच्या थोबाडीत मारली. साठीला आलेल्या बहिणीने पन्नाशीच्या भावाला. मास्तरने गाल चोळला नाही. हळूच म्हणाला,

"तू एक थेंब टाकला असतास ना, ताई, तर मला बोलावंच लागलं नसतं."

बाई पिवळा कागद मुठीत धरून बाहेर पडल्या.

६

वेल्डरच्या भावाला त्याच दुपारी इस्पितळात धाडलं, काय श्वासात गेलं त्याची चिठ्ठी बरोबर देऊन. पाचव्या दिवशी तो खोकत का होईना, घरी आला. तीनच नग झाले होते म्हणून वाचला.

बाईंनी त्याच दिवशी अहवाल लिहिला. फोरमनने तो वाचून दार लावून घेतलं आणि मऊ आवाजात म्हणाला, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. फळ्यावरचा कागद आहे तसा राहू द्या. तुमचा भाऊ वाचेल, तुम्हीही वाचाल. मेलेला काही परत यायचा नाही."

बाईंनी क्षणभर विचार केला नाही असं नाही. पाठचा भाऊ होता. आईने मरताना त्याचा हात त्यांच्या हातात दिला होता. पण मेलेल्या माणसावर फळ्यावरून आळ लटकत होता, आणि त्याच्या बायकोने एकच प्रश्न विचारला होता. त्यांनी अहवालाची प्रत थेट सरकारी कारखाना निरीक्षकांकडे पाठवली. दोषी म्हणून दोन नावं लिहिली होती, पहिलं स्वतःचं, दुसरं भावाचं.

पुढे सगळं रीतीप्रमाणे झालं. मास्तरला पोलीस घेऊन गेले. बाईंना घरी बसवलं. फोरमनने प्रत्येक वेल्डरला नवा मुखवटा वाटला आणि शेडमध्ये धूर ओढून घेणारा पंखा बसवला, म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. त्याबद्दल मालकांनी त्याचं कौतुकही केलं. त्याचं नाव कुठल्याही कागदावर नव्हतं, कारण धमक्या कुणी टाइप करून फळ्यावर लावत नाही.

फळ्यावरचा कागद निघाला त्या दिवशी बाई वहिनीकडे गेल्या. तिने पाट पुढे केला नाही, पण जा असंही म्हणाली नाही. बाई उभ्यानेच बोलल्या. हौद, ब्रॅकेट, सही, दूध, सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होती.

"आणि तू विचारलं होतंस त्याचं उत्तर," बाई शेवटी म्हणाल्या. "तू त्याला नीट ओळखत होतीस. त्याने कधी तपकीर ओढली नाही. तो धुराचा रंग सांगत होता. नेहमीचा पांढरा नव्हता, तपकिरी होता. त्याला कळलं होतं काहीतरी वेगळं आहे. तो तुला सांगत होता."

बाईंना वाटलं होतं, हे ऐकून तिचा जीव जरा हलका होईल.

"म्हणजे मागत नव्हते."

"नाही गं."

"मी डबी यांच्या नाकाशी धरली हो," ती म्हणाली. "यांनी मान फिरवली. पुन्हा धरली, पुन्हा फिरवली. धावून धावून मला धाप लागली होती, मी चिडले. म्हटलं, 'नको तर मागितलीत कशाला? मरतानाही नखरेच.' ते माझ्याकडे बघत राहिले. त्यानंतर बोलले नाहीत." तिने पदराने तोंड दाबलं आणि सोडलं. "तपकीर मागत होते असंच राहिलं असतं, तर बरं होतं."

बाई हात जोडून वळल्या. दाराशी पोचतात तोच वहिनी आत जाऊन आली. तिच्या हातात स्टीलचा डबा होता, लखलखीत घासलेला.

"तुमच्या भावाचा डबा," ती म्हणाली. "राहिला होता माझ्याकडे. घेऊन जा."

बाईंनी डबा घेतला. तो रिकामा होता, पण त्यांनी तो घरापर्यंत दोन्ही हातांनी धरून नेला.